सरूचे तीळ

माही बायको रुखमा मनानं सोनं हाय, पन तोंडाले लगाम नाई. हे मी तिच्यासमोरच सांगतो. मांगून बोलाची आपली आदत नाई.

आमचं वावर सोनाळ्याले, सातपुड्याच्या पायथ्याशी. मुरमाड जमीन, पानी पडलं का वाहून जाते. रुखमाचे तीळ बुटके, लवकर पिकनारे, अन् बोंडं अशी गच्च का पाहत रावं. तिची धाकटी बहीन सरस्वती, आमची सरू, उंद्रीले देल्ली. तिकडं काळी भारी जमीन, अन् तिचे तीळ मानसाएवढे उंच. दर संक्रांतीले दोघी एकमेकीचे तीळ पाहून हळहळत. मांगच्या संक्रांतीले ठरलं, बी बदलू.

आता या दोघी बहिनीयच्या माहेरची रीत अशी, का बहिनीले बी देताना हात आखडता घ्याचा नाई. गाडगं पुरं पालथं कराचं. थोडं मांगं ठेवलं त बहीन परकी केली म्हून समजा. गावोगाव सोयाबीन झालं, हे जुने तीळ या दोनच घरी उरले होते. मी म्हनलं, "मूठभर त घरात ठेव." तशी रुखमा खेकसली, "तुमाले काय समजते बहिनीचं!" अन् गाडगं पालथं केलं. तिकडं सरूनंबी तसंच केलं.

सरूचे तीळ आमच्या वावरात झकास वाढले. फुलावर आले अन् पानी गेलं. बोंडं पोचट! पसाभर तीळ निघाले असतीन. रुखमाले वाटलं, सरूनं जुनंपानं बी गळ्यात मारलं. लावला फोन. "काऊन वो सरू, भाजून देल्ले होते का तीळ मले?"

सरू एवढंच बोलली, "बाई, माह्या वावरात तुहे तीळ पान्यानं सडले. म्या फोन केला का तुले?" अन् फोन ठेवला.

त्याच रागात रुखमानं ते पसाभर तीळ तव्यावर टाकले अन् पाट्यावर चटनी वाटली. लय खमंग झाली होती बापा. मीबी भाकरीसंगं बोटं चाटून खाल्ली.

मंग हिवाळ्यात गावात शेतकऱ्यायची बैठक झाली. कृषीवाल्या मॅडम सांगत होत्या, तिळाचे तेच वान चार गावी पेरून पाह्यले, त एका गावी पहिला आलेला दुसऱ्या गावी पार शेवटी. बियात खोट नाई, जमिनीचा अन् पान्याचा फरक. रुखमा ताडकन उठून उभी रायली. "मॅडम, मंग मुरमाड जमिनीत उंच तीळ?"

"पाणी लवकर गेलं तर भरत नाहीत, काकू."

घरी येईपर्यंत रुखमा रडत होती. "माय वो, मी माह्या बहिनीले काय बोलून बसली!"

दुसऱ्या दिवशी उंद्री गाठली. सरू अंगनात तूर पाखडत होती. रुखमानं तिचे पायच धरले. मोठ्या बहिनीनं लहानीचे पाय! सरूनं तिले ओढून उठवलं. "काय करतं वो बाई, मानसं पाहून रायले."

चहा झाला. सरू आत गेली अन् फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. "वावरातले सडले, पन धुऱ्यावरचे, उंच बांधावरचे, तगले. तिथं पानी थांबत नाई ना. तुहं बी हाय म्हून दाना दाना येचून ठेवलं. राग आला म्हून का बी टाकून देऊ? घे, तुह्या वावरात पेर."

रुखमानं पुरचुंडी छातीशी धरली. सरू हसली. "अन् माहे दे आता. थोडे त निघाले असतीन?"

रुखमा माह्याकडं पाहाले लागली. शेवटी मीच बोललो, "सरू, ते आमी खाल्ले."

सरूनं सुपातले दोन खडे येचून फेकले. रागावली असती त बरं झालं असतं. मंग तिनं हळूच इचारलं, "चांगले लागले का?"

"लय चांगले," मी म्हनलं, अन् रुखमाले हुंदका फुटला.