खोडलेली एमा

रकाना पहिला: नाव आणि आडनाव

एमा सॉली.

असं लिहिलेलं होतं. सोमवारी सकाळी अभ्यासिकेतल्या शेकोटीची राख काढून मिल्ड्रेड उठली, तेव्हा टेबलावरचा खानेसुमारीचा कागद तिला दिसला. शाई वाळलेली, साहेबांचं अक्षर मोत्यासारखं. आडनाव तिचं होतं. नाव त्या घराचं होतं. व्हिटलॉकांच्या घरी केरवारे आणि बिछाने करणारी प्रत्येक मोलकरीण एमाच असे. तिच्या आधीचीही, त्याही आधीचीही. दर खेपेला नवं नाव पाठ करायचं बाईसाहेबांच्या जिवावर येई.

हाकेचं एक वेळ ठीक होतं. तीन वर्षं तिने त्या नावाला ओ दिली होती. पण हा कागद लंडनला जाणार होता, तिथे जपून ठेवला जाणार होता. मिन्स्टरला, तिच्या गावी, बापाच्या कागदावर ती नव्हती, कारण जनगणनेच्या रात्री जो जिथे झोपेल तिथेच त्याची नोंद, आणि ती इथे झोपली होती. इथल्या कागदावर एमा. म्हणजे १९११ साली मिल्ड्रेड सॉली नावाची मुलगी इंग्लंडात कुठे नव्हतीच.

रकाना दुसरा: कुटुंबप्रमुखाशी नातं

नोकर.

"तोंड मिटून राहा," स्वयंपाकीण टॅपलीबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "शिफारसपत्र न देता हाकललं, तर दुसऱ्या घरची पायरी तरी चढू देतील का तुला? त्या नावावाचून असं काय अडलंय?"

"त्याला अर्थ आहे. शाळेत ओव्हेंडनबाईंनी सांगितलेला. जुन्या इंग्रजीत त्याचे दोन तुकडे. एक मऊ, दुसरा ताकद."

"मऊ रोज बघतेय," टॅपलीबाई म्हणाल्या. "दुसरा तुकडा कुठे ठेवलास?"

रकाना तिसरा: वय

तिचं एकोणीस. नावाचं बाराशेच्या वर.

पहिली मिल्ड्रेड राजघराण्यातली. शिकायला फ्रान्सच्या मठात धाडलेली. तिथल्या थोरल्या बाईने आपल्या नात्यातल्या मुलाशी लग्न कर म्हणून धोशा लावला. पोरगी नाही म्हणाली. तिला पेटत्या भट्टीत कोंडलं. तीन तासांनी दार उघडलं, तर केससुद्धा करपला नव्हता. मग ती परत आली आणि मिन्स्टरच्या मठाची मुख्य झाली. हे मिन्स्टरचं शेंबडं पोरही सांगेल.

पुढे समुद्रापलीकडून नवे राजे आले, त्यांची नवी नावं आली, जुनी अडगळीत गेली. सॉलींच्या घरात मात्र दर पिढीला एक मिल्ड्रेड होतीच. कोंबड्या पाळणारी, मासे खारवणारी, एक तर चक्क मुकी. अलीकडे बड्या घरच्यांना ते नाव नव्याने सापडलं, आणि ते दिवाणखान्यात जाऊन बसलं.

रकाना चौथा: लग्न

(कोरा सोडा. येईलच.)

तळाशी: प्रतिज्ञा

"वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे." खाली सहीची जागा रिकामी.

साहेब न्याहारी करून आले आणि टाक शाईत बुडवून सही करायला वाकले. मिल्ड्रेड कोळशाची बादली धरून तिथेच उभी. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्या घरचा पहिला नियम.

"साहेब, ते खरं नाही."

टाक थांबला. "काय खरं नाही?"

"एमा. माझं नाव मिल्ड्रेड आहे."

बाईसाहेब दारातून आत आल्या. "मिल्ड्रेड? ते माझ्या मावशीचं नाव. मोलकरणीला पेलायचं नाही."

"बाईसाहेब, मावशींच्या आधी ते आमच्याकडेच होतं," मिल्ड्रेड म्हणाली. आवाज चढला नाही. बादलीही हलली नाही.

"हेन्री, ऐकताय ना? हिला आजच्या आज..."

पण हेन्री व्हिटलॉक वीस वर्षं न्यायाधीश होते. समोर उभ्या राहिलेल्या चोरालाही त्यांनी आधी नावच विचारलं होतं.

"खोट्यावर सही करू म्हणतेस?" ते बायकोला म्हणाले. मग मिल्ड्रेडकडे वळून, "स्पष्ट सांग."

तिने एकेक अक्षर सांगितलं. त्यांनी एमावर सरळ रेघ मारली आणि वर नीट लिहिलं.

"आणखी कुणाचं काही चुकलंय?" साहेबांनी सहज विचारलं, आणि तिथेच फसले. जेवण वाढणारी, जिला घरात जेन म्हणत, ती दाराआड होतीच. "मी थर्झा, साहेब. अकरा वर्षं झाली." दुसरी रेघ. तिच्यामागून टॅपलीबाई, पिठाचे हात एप्रनला पुसत.

"तुमचं नाव तर बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"नाव बरोबर आहे हो. चौथा रकाना बघा. स्वयंपाकिणीला मानाने मिसेस म्हणतात, म्हणून तुम्ही मला विधवा केलंत. माझं लग्नच झालेलं नाही. मेलेला नवरा कुठून आणू?"

साहेब हसले. नंतर बाईसाहेब सोडून सगळेच हसले.

"कागद किती घाण झाला," बाईसाहेब म्हणाल्या.

"खरा झाला," असं म्हणून साहेबांनी सही ठोकली.

दुपारी कागद गोळा करणारा कारकून आला. उंबऱ्यावरच उभा राहून तो नावं ताडून पाहू लागला. जिन्यावर बाईसाहेब उभ्या होत्या.

"मिल्ड्रेड सॉली कोण?" त्याने विचारलं.

जिना, दिवाणखाना, स्वयंपाकघर, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "मी."