मधले तास

“मशीन बदलून देतील गं. पण मधले तास कोण देणार?”

खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात असं म्हणाले, तेव्हा तिनं हो-हो करत दार लावून घेतलं होतं. लेकीच्या ऑक्सिजन मशीनचा विमा होता. आता वाढीव वॉरंटीही घ्यावी का, एवढंच ठरायचं होतं.

आज दुपारी दोन्ही कागद शेजारी ठेवून ती ओळीला ओळ लावत होती. सात महिन्यांची लेक पाळण्यात, नाकाला नळी. विमा म्हणे, बिघाड झाला तर दोन दिवसांत नवं मशीन. वॉरंटी म्हणे दुरुस्ती, तीही विम्यानं नाकारल्यावरच. छत्रीवर छत्री. तरी तिनं पेन उचललं. तेवढाच जिवाला आधार.

मशीन एकदा केकाटलं आणि गप्प झालं.

तिनं जोडीचा सिलिंडर उघडला. काटा लाल पट्टीत, ऑक्सिजन संपत आलेला. विम्याच्या फोनवर गोड आवाज आला, “तक्रार नोंदवली आहे, मॅडम.” ती अँब्युलन्सला फोन लावायला गेली, तोच दारावर थाप पडली.

काका. धापा टाकत. पुढ्यात चाकांचं तसंच मशीन, सोळा पायऱ्या ओढत आणलेलं.

“बघतेस काय? प्लग कुठंय?”

तान्ह्यांना बेतानं ऑक्सिजन सोडणारा छोटा फ्लोमीटर तिनं आपल्या मशीनचा काढून त्याला बसवला. घरघर सुरू झाली. लेकीच्या पायाच्या अंगठ्याला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा चढू लागला. एकोणनव्वद. त्र्याण्णव. शहाण्णव.

“हे... काकूंचं?”

“तिला जाऊन चार वर्षं झाली. पडून राहिलं की बिघडतं, म्हणून दर रविवारी सकाळी नऊला तासभर चालवतो.”

रविवारच्या त्या आवाजाला तिनं किती वेळा नाक मुरडलं होतं.

“पण तुम्हाला कळलं कसं?”

“तुझी घरघर थांबली. दिवसभर ऐकतो ना खालून. आता पाणी दे बाई, नाहीतर ती नळी मलाच लावावी लागेल.”

पेला देताना तिचे दोन्ही हात पुढे झाले.

फोन वाजला. “मॅडम, वॉरंटीची ऑफर आज संपतेय.”

“राहू दे, भाऊ.” तिनं पेनाला टोपण लावलं.

तिसऱ्या दिवशी नवं मशीन आलं, काकांचं खाली गेलं. रविवारी ती सकाळपासून कान देऊन बसली. नऊ वाजले. साडेनऊ. खाली शांतता. लेकीला नवऱ्यावर सोपवून ती सोळा पायऱ्या धावत उतरली.

दार उघडलं. काकांच्या अर्ध्या गालाला साबण.

“उठायला उशीर झाला गं. काय झालं?”

“घरघर आली नाही,” ती म्हणाली.

तुमच्या ओळखीचा एखादा आवाज आज आला नसेल, तर वाचणं इथंच ठेवा. जाऊन बघा.