चार पावलांपुरतं गरम पाणी

मी पत्र्याचा टब बोलतोय. हसू नका, टबाकडेही सांगण्यासारखं काही असतं. चंद्रपूरच्या गोलबाजारात मुश्ताकभाईंनी मला ठोकून ठोकून गोल केलं आणि लेकराला लागू नये म्हणून काठ नीट वळवून दिला. बापूराव आणि अंजनाबाई या नवराबायकोने मला त्यांच्या तान्ह्या संघप्रियेच्या आंघोळीसाठी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये नेलं. ती मोठी झाली, गडचिरोलीला नर्स झाली, आणि मी अंगणात पालथा पडलो.

बापूराव वीज केंद्रात बॉयलरवर होते. दर तासाला वाफेचं तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं, यातच तीस वर्षं गेली. काटा सांगेल ते खरं, माणसाचं नंतर बघू, असा त्यांचा स्वभावच बनला. रिटायर झाल्यावर दोघं चामोर्शीच्या घरी आली. सामानात मीही आलो.

मग एके दिवशी अंजनाबाई म्हणाल्या की त्यांना विसरायला होतंय. आठवडी बाजारातून परतताना घराचा रस्ता सापडला नाही, दूध गॅसवर राहून करपलं. बापूराव हादरले. संघप्रियेने फोनवर बजावलं की आईला आधी डॉक्टरांना दाखवा. बोलण्याच्या ओघात तिने हेही सांगितलं की थंड मुलखात नेमाने गरम वाफेत बसणाऱ्यांमध्ये हा आजार कमी दिसल्याचं तिने वाचलंय, पण त्याची खात्री कोणीच देत नाही. बापूरावांनी नेमकं शेवटचं ऐकलं नाही. डॉक्टरांकडे जायचं अंजनाबाईंनीच पुढे ढकललं, आज नको, पुढच्या महिन्यात जाऊ म्हणून.

"बॉयलर थंडा पडू द्याचा नसते," बापूराव म्हणाले. "एकडाव थंडा पडला का पेटवाले लय वेळ लागते. माणसाचंबी तसंच हाये. मी तुले थंडी पडू देत नाई."

त्यांनी मला घासूनपुसून घरात घेतलं. रोज संध्याकाळी पाय शेकायला माझ्यात कोमट पाणी, त्यात थर्मामीटर. चाळीस अंश झाले की वहीत नोंद. अंजनाबाईंची अट एकच होती, मी एकटी बसणार नाही, तुम्हीही पाय घाला. त्या आधी स्वतःचं पाऊल बुडवून बघायच्या, मग बापूरावांना पाय घालू द्यायच्या. चार पावलं माझ्यात दाटीवाटीने बसायची आणि दोघं हळू आवाजात त्रिशरण म्हणायची. मे महिन्यात सगळं चामोर्शी भाजून निघत असतानाही यांचं शेकणं चुकलं नाही. शेजारी हसायचे. मला मात्र इतकं सुख आधी कधी लाभलं नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली. त्या संध्याकाळी संघप्रिया रजेवर घरी आली होती. बापूरावांनी गॅसवरचं उकळतं पातेलं उचललं आणि गार पाणी न मिसळता माझ्यात ओतलं. थर्मामीटर बघून ते म्हणाले, "थंडंच हाये अजून." मला सगळं कळत होतं, पण टब ओरडणार कुठून? अंजनाबाईंनी सवयीने पाऊल घातलं. त्या किंचाळल्या नाहीत. एका हाताने त्यांनी बापूरावांचा गुडघा घट्ट धरून मागे लोटला आणि मगच आपलं पाऊल बाहेर काढलं.

संघप्रियेने पायावर गार पाणी धरलं, पट्टी बांधली आणि वही उघडली. चाळीस, एक्केचाळीस, चाळीस. काही पानांवर एकाच दिवसाची नोंद तीन-तीनदा. आणि आजच्या तारखेपुढे बापूरावांच्या सुंदर अक्षरात पाचशे चाळीस. ते बॉयलरच्या वाफेचं तापमान होतं.

तिने आईकडे पाहिलं. अंजनाबाई रडत होत्या.

"मी काईच नाई विसरली, पोरी. बाजारातून रस्ता तुह्या बाबालेच सापडला नाई. 'तुमचं डोकं बिघडलं' म्हटलं असतं तं यायनं पाण्यात पाय टाकले असते का? म्हून मी माह्यंच नाव सांगतलं."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बापूरावांना तपासलं. गरम पाण्याने नुकसान झालेलं नाही, ते म्हणाले, पण वेळेवर आणलं असतं तर गोळ्यांनी हे विसरणं थोडं लांबवता आलं असतं. हे वाक्य अंजनाबाईंच्या जिवाला लागलं ते कायमचं. नवऱ्याचा मान राखायला गेल्या आणि दोन वर्षं हातची घालवली, असं त्या स्वतःला बोलत राहतात. मला फार वाईट वाटतं. ती दोन वर्षं माझ्याच पोटात गेली ना!

आता माझं बूड गळतं. संघप्रियेने प्लास्टिकचा नवा टब आणला होता, पण बापूरावांनी त्यातून पाय काढून घेतले. म्हणून खाली गोणपाट टाकून मलाच ठेवतात. पाणी आता अंजनाबाई कोपराने बघतात. वही बंद आहे.

काल त्या समोर नुसत्याच बसून होत्या. बापूरावांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. ओळख पटली नाही. मग त्यांनी आपली दोन्ही पावलं एका बाजूला सरकवली आणि म्हणाले, "बाई, तुमीबी पाय ठेवा इथी. पाणी थंडं पडून राह्यलं."

अंजनाबाईंनी भाजल्याचा डाग असलेलं पाऊल त्या मोकळ्या जागेत ठेवलं.

लोकहो, मला इतक्यात भंगारात देऊ नका. तिला ते विसरले, पण माझ्यातली तिची जागा अजून विसरलेले नाहीत.