काचपेटीची उजवी कड

मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण जन्मल्या जन्मल्या माझ्या एखाद्या बहिणीकडे मुक्काम करून आले असाल. तुम्हाला ते आठवणार नाही. मी एक जुनी काचपेटी. घाईघाईने जगात आलेल्या बाळांना ऊब देणं हे माझं काम. सध्या मी विज्ञान संग्रहालयात एका वाफेच्या पंपाशेजारी उभी असते. गर्दी पंपाकडे असते. तो काही करत नाही, पण मोठा आहे.

मी घडले त्या कारखान्यात शेजारच्या छपराखाली पाव भाजायच्या भट्ट्या बनत. तत्त्व एकच, आच तेवढी कमी. चहूबाजूंना काच, खाली तापणारी तार, हवा कोरडी पडू नये म्हणून पाण्याचं तबक, आणि आत हात घालायला समोर दोन गोल झडपा, पितळी कडांच्या.

रुग्णालयात थोरल्या सिस्टरांचा नियम होता. हात धुवायचा, माझ्या टपावर ठेवून गरम करायचा, मगच आत घालायचा. मोठे डॉक्टरही त्यातून सुटत नसत. "साहेब, डोकं गरम आहे ते ठीक, हात गार आहेत," असं त्या शांतपणे सांगत.

नातेवाईक काचेला नाक लावून उभे राहत.

"नाक आमच्याकडचं आहे हो," बाळाची आत्या म्हणायची.

"नाक अजून यायचंय. आलं की वाटून घेऊ," मावशी म्हणायची.

बाळ घरी निघालं की लोक आधी देवाचे आभार मानत, मग डॉक्टरांचे, मग सिस्टरांचे. माझ्यापर्यंत येईतो आभार संपत.

पुढे नव्या पेट्या आल्या. त्यांच्यावर आकडे चमकायचे आणि काही बिनसलं की त्या ओरडायच्या. मला तळघरात ठेवलं. तिथे एक मांजर माझ्यात व्यायली. पिल्लं सगळी ठणठणीत. माझ्या कारकिर्दीत इतका चांगला निकाल कधी लागला नव्हता.

मग संग्रहालयाने मला मागून नेलं. तिथल्या सांभाळणाऱ्या बाईंचा माझ्यावर जीव जडला. पण दालनात काचपेटी एकच राहणार होती. दुसरी कुठल्याशा मोठ्या रुग्णालयातून आलेली, न वापरलेली, नवरीसारखी. हरेल तिची रवानगी भंगारात. निवड करायला संचालक दुपारी येणार होते.

मला वाचवायचं म्हणून बाईंनी सकाळीच पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याला सगळे चकाचककाका म्हणत.

"बाई, अशी चमकवतो की लोक हिच्यात बघून भांग पाडतील."

त्याने उजव्या झडपेपासून सुरुवात केली.

मित्रांनो, त्या कडेवर ओरखडे होते. एका आईची अंगठी सुजलेल्या बोटातून निघेना. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे गं. हात तेवढा गरम कर." ती रोज यायची. उजव्या झडपेतून हात घालून, मनगट कडेवर टेकून बसायची. बाळ तिच्या करंगळीचं टोक धरून झोपायचं. ते बाळ घरी गेलं नाही. सिस्टरांनी माझं बटण बंद केलं, तरी तिचा हात बराच वेळ आतच होता. काढताना अंगठी कडेला घासली आणि एक लांब ओरखडा उठला.

काकांनी तो काढला. कामाला ते चोख होते.

"बघा बाई, तोंड दिसतं की नाही?"

बाईंनी उजव्या झडपेतून हात आत घालून पाहिला. खूश झाल्या. मग डावीतून घातला. त्यांचं मनगट कडेवर टेकलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी बोटाने ती कड हळूहळू चाचपली.

"काका, थांबा. ही राहू दे."

"एकच झडप? अर्धी दाढी केल्यासारखी दिसेल ही."

"दिसू दे. हे ओरखडे सगळे आतल्या अंगाला आहेत. हात इथे टेकून राहिलेत कुणाचे तरी." मग त्यांनी विचारलं, "उजवीकडेही होते का हो?"

"होते की. याच्याहून जास्त. एक तर असला खोल, घाम काढला त्याने."

बाईंनी गुळगुळीत झालेल्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं. काकांनी फडकं झटकलं आणि घडी घातली.

दुपारी संचालकांनी विचारलं, "ही अर्धवट का ठेवली?" बाईंनी त्यांना डाव्या झडपेतून हात घालायला लावला. साहेबांचा हात जरा जास्तच वेळ आत राहिला. न वापरलेली पेटी दुसऱ्या दिवशी गेली. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं. तिने कुणाचं काय केलं होतं? काहीच नाही, हीच तिची अडचण.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा. आम्हाला धूळ आवडते हा गैरसमज आहे. पण घासायला घ्याल तेव्हा आधी घरातल्या कुणाला तरी विचारा, हा ओरखडा कशाने पडला. सांगणारं माणूस आहे तोवरच विचारा.

लोक उजवीकडून बघतात आणि म्हणतात, वा, अगदी नव्यासारखी ठेवलीय. तुम्ही आलात तर डावीकडून बघा.