आत्याबाई परदेशी झाल्या

ताईच्या नर्सरीतलं सगळ्यात वजनदार प्रस्थ म्हणजे आत्याबाई. आत्याबाई हा निवडुंग होता. वडिलांच्या बहिणीवरून ताईनेच हे नाव ठेवलेलं: तसाच गोल, तसाच काटेरी, आणि एकदा बसला की जागचा हलवायची कुणाची टाप नाही. ताईने बी पेरलं तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. पुढे लग्न झालं, नवरा गेला, गुडघे गेले, आणि आत्याबाई मात्र बसल्या जागी हंड्याएवढ्या झाल्या.

ताई झाडं वाढवायची आणि तिचा धाकटा भाऊ ती विकायचा. विकायचा कमी आणि मिरवायचा जास्त, म्हणून सगळे त्याला शेठ म्हणत, ताईसुद्धा. आत्याबाईंना परदेशातल्या प्रदर्शनात पाठवायचं खूळ त्याचंच.

"ताई, नुसती कल्पना कर. मोठा हॉल, झगझगीत दिवे, आणि मधोमध आपल्या आत्याबाई!"

"आणि परत कशा येणार?"

"जशा जातील तशा. कागदपत्रांचं माझ्यावर सोड गं."

जाताना खरंच काही त्रास झाला नाही. मुळं धुतली, मातीचा कण ठेवला नाही, आत्याबाईंना कागदात गुंडाळलं, खोक्यात बसवलं. निर्यातीच्या साहेबांनी हसतमुखाने शिक्के मारले. देशातून काहीतरी बाहेर जातंय याचाच त्यांना आनंद. तिकडे आत्याबाईंना दुसरं बक्षीस मिळालं आणि शेठ आठवडाभर जमिनीवर चालला नाही.

मग आत्याबाई परत आल्या, आणि विमानतळामागच्या वनस्पती तपासणी कार्यालयात अडकल्या.

हे कार्यालय म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. तिच्या एका टोकाला अडवलेली झाडं, दुसऱ्या टोकाला ती अडवणारी माणसं. तिथल्या मुख्य तपासनिसाला शेठने पहिल्याच भेटीत मनातल्या मनात नियमराव असं नाव देऊन टाकलं.

"ही आयात आहे," नियमराव म्हणाले.

"अहो, आयात कसली?" ताई म्हणाली. "माझं झाड. माझ्या घरून गेलं, माझ्या घरी चाललंय."

"गेलं ती निर्यात. आलं ती आयात. मधल्या काळात ते कुठे होतं, कुणाच्या संगतीत होतं, आम्हाला काय माहीत?"

"प्रदर्शनात होतं. दुसरं बक्षीस मिळालंय."

"बक्षिसाला रकाना नाही, मॅडम. ज्या देशातून झाड आलं त्या देशाचा दाखला लागेल, की ते तिथल्या जंगलातून उपटलेलं नाही."

"त्या देशात बर्फ पडतो हो! तिथल्या जंगलात निवडुंग कुठून येणार?"

"मग दाखला मिळायला काहीच अडचण नाही," नियमराव म्हणाले आणि त्यांनी पुढची फाइल ओढली.

अडचण आली. तिकडच्या खात्याने अतिशय सभ्य उत्तर पाठवलं: आमच्या जंगलात निवडुंग उगवत नाहीत, त्यामुळे असा दाखला देण्याची सोय आमच्याकडे नाही, कळावे.

शेठ या टेबलावरून त्या टेबलावर खेपा घालू लागला आणि ताई रोज शेडमध्ये जाऊन बसू लागली. जाळीपलीकडे आत्याबाई एका प्लास्टिकच्या कुंडीत, काळ्याभोर चिखलात बसल्या होत्या. शेडचा शिपाई रोज सकाळी पाइप घेऊन यायचा आणि एका टोकापासून सगळ्या झाडांना आंघोळ घालायचा.

"दादा, हिला पाणी नको," ताई हात जोडून म्हणाली. "निवडुंग आहे हा. कुजेल."

"ताब्यातल्या झाडाला रोज पाणी द्यायचं, असं लिहिलंय."

"एक दिवस विसरल्यासारखं करा ना."

"आणि झाड वाळलं तर? माझी नोकरी जाईल, बाई. कुजलं तर कुणी विचारत नाही. कुजणं नैसर्गिक असतं."

ताईने मग नियमरावांना अर्ज दिला की माझ्या झाडाला पाणी देऊ नये. नियमरावांनी तो दोनदा वाचला. झाडाला उपाशी मारायची परवानगी मागणारी मालकीण त्यांनी आजवर पाहिली नव्हती. अर्ज वरिष्ठांच्या विचारार्थ गेला, आणि वरिष्ठांचा विचार चालू राहिला. पाइपही चालू राहिला.

अशा चिखलात आत्याबाईंनी एक भलतंच काम केलं. उभ्या आयुष्यात त्यांना कधी पिल्लू झालं नव्हतं. इथे त्यांच्या कुशीला सुपारीएवढं हिरवं पिल्लू फुटलं. ताईला आनंद झाला, पण क्षणभरच. झाड घाबरलं की असं करतं. स्वतःचा भरवसा उरला नाही की मागे कुणीतरी ठेवू पाहतं.

नियमरावांना वेगळीच काळजी.

"आयात एका झाडाची आहे. इथे दोन आहेत."

"ते पिल्लू आहे हो तिचं!"

"मॅडम, ते आलं कुठून?"

"कुठून म्हणजे? इथेच जन्मलं! तुमच्या शेडमध्ये!"

हे बोलून ताईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नियमरावांचा चेहरा उजळला. सरकारी जागेत, सरकारी पाण्यावर जन्मलेलं रोप, म्हणजे सरकारजमा. त्यांनी हातमोजे घातले, पिल्लू हलकेच पिरगाळून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांच्या टेबलावर एका चिनी मातीच्या कपात विराजमान झालं.

शेवटी दाखला आला. शेठने प्रदर्शनवाल्यांची इतकी पाठ घेतली, की त्यांनी वैतागून हवं ते लिहून दिलं. हाताशी दुसरा शिक्का नसल्याने त्यांनी प्रदर्शनाच्या कॅन्टीनचा मारला. गोल होता, जांभळा होता, आणि परक्या भाषेत असल्यामुळे कुणालाच वाचता आला नाही. नियमरावांनी त्यावर कौतुकाने बोट फिरवलं. "हे बघा, असा कागद पाहिजे."

ताईने जाळीच्या आत जाऊन आत्याबाईंना हात लावला आणि तिचा अंगठा बुडाशी आत रुतला. खालचा अर्धा भाग पिकलेल्या फळासारखा मऊ झाला होता. वासही सुटला होता. ती रडली नाही. तिने पिशवीतून सुरी काढली आणि तिथेच, सगळ्यांदेखत, कुजका भाग कापायला सुरुवात केली. आत पांढराशुभ्र गर लागेपर्यंत ती कापत गेली. वरचा टोपीएवढा तुकडा राहिला. तो सुकवून वाळूत ठेवला तर मुळं धरण्याची आशा होती.

फाटकावर नियमराव आडवे आले.

"परवाना अख्ख्या झाडाचा आहे."

"बाकीचं सडलंय."

"असेल. पण सोडलेला माल पूर्ण न्यावा लागतो. अर्धवट नेलात तर उरलेल्याचा हिशेब मी कुणाला देऊ?"

शेठ त्यांच्या अंगावर धावून जाणार, तेवढ्यात ताईने त्याचा हात धरला. तिने मुकाट्याने तो सगळा सडका लगदा एका पिशवीत भरला. घरी जाताना दोघं बसमध्ये चढले आणि त्यांच्या आजूबाजूच्या सगळ्या सीटा रिकाम्या झाल्या.

तुकडा जगला. महिनाभर त्याने ताईचा जीव टांगणीला लावला आणि मग केसासारखी बारीक मुळं सोडली. शेठने त्याचा फोटो काढला आणि बहिणीची नजर पाहून तो कुणालाही न दाखवता फोन खिशात ठेवला.

त्यानंतर एक दिवस कार्यालयातून फोन आला. साहेबांच्या टेबलावरचं रोप पिवळं पडतंय. मॅडम येऊन बघतील का?

"सांग त्यांना, अर्ज करा म्हणावं!" शेठ ओरडला.

ताईने चपला घातल्या. "त्या पिल्लाचा काय दोष?"

साहेब मीटिंगला गेले होते. कपाला भोक नव्हतं, आणि शिपाई इथेही नेमाने पाणी घालत होता. ताईने पिल्लू बोटांत धरून उचललं. बुडाशी अजून घट्ट होतं.

"बाई, कसं आहे ते?" शिपायाने दारातून विचारलं.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात तिने बसचं तिकीट कधी चुकवलं नव्हतं.

"गेलं हो," ती म्हणाली. "कुजलं."

"मग काही प्रश्न नाही," शिपाई म्हणाला आणि त्याने तशी नोंद करून टाकली.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशवी उघडून बघितली. पिशवीत चष्मा होता, छत्री होती. ताई मूठ मिटून बाहेर पडली. काटे चांगलेच रुतत होते, पण बस येईपर्यंत तिने मूठ काही सोडली नाही.