अडणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. माझ्या मधल्या फळीला उभी चीर गेली आहे आणि वरची बिजागरी दुसऱ्याच कुठल्या दरवाजाची आहे. बसा जरा. मी सावकाश सांगेन; घाई मला आता झेपत नाही.

एका सुताराने मला स्वतःच्या घरासाठी घडवले. लाकूड जाड, सांधे असे घट्ट की सुई शिरू नये. त्याचे नवीनच लग्न झाले होते. बायकोने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, घराला दरवाजा केलाय की तिजोरीला?" त्याची छाती फुगली.

माझ्यात एक खोड मात्र होती. हवा दमट झाली की माझे लाकूड फुगायचे आणि मी चौकटीत अडून बसायचो. रंधा घेऊन माझी कड थोडी तासली असती, तर काम झाले असते. पण सुतार दिवसभर लोकांचे दरवाजे तासायचा आणि संध्याकाळी मला खांदा मारून घरात शिरायचा.

"जगाची दारं लोण्यासारखी, आणि माझ्या वाट्याला रोजची कुस्ती!" बायको म्हणायची.

"या रविवारी नक्की," तो म्हणायचा. असे कितीतरी रविवार गेले.

एका दमट दुपारी जमीन हादरली. दोघे माझ्याकडे धावले. तो पुढे, ती त्याच्या मागे. त्याने कडी काढून मला ओढले. मी अडलो. पुन्हा ओढले, आणि तेवढ्यात छत खाली आले. मी चौकटीत इतका घट्ट बसलो होतो, की चौकट मोडली नाही. तिच्या आडोशाला तो वाचला. ती हातभर मागे होती.

"नशीब थोर तुझं!" जो येई तो त्याला म्हणे. तो मान खाली घालून ऐकायचा आणि मुठी आवळायचा.

घरातली खाट, कपाट, पाट सगळे मोडून सरपण झाले. खरे सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला. ती सगळी एकदाच मोडली. मला त्या दुपारचा हिसका रोज नव्याने बसायचा.

थोरल्या बहिणीने सुताराला आपल्या घरी नेले आणि हट्टाने मलाही. परसातल्या भिंतीला मला टेकवून ठेवले. तो माझ्याकडे पाठ करून बसायचा.

एके दिवशी ती मटार सोलत असताना तो म्हणाला, "ताई, हा वेळेवर उघडला असता तर ती असती. मीच तासला नाही. यापेक्षा मेलो असतो तर सुटलो असतो."

मला वाटले, ताई आता रागावणार. ती बराच वेळ सोलतच राहिली.

"सुटला असतास खरा," ती म्हणाली. "मरण सोपं होतं, हे कठीण आहे. मी नाही म्हणायची तुला नशीबवान. पण तू गेला असतास तर मी ओरडायचं कोणावर? अंघोळ कधी केली होतीस रे? तबेल्यातल्या घोड्यासारखा वास मारतोयस."

त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. ते हसू होते की हुंदका, मला कळले नाही.

उठताना ती म्हणाली, "माझ्या मागच्या खोलीला दार नाही. वारा येतो. जमेल तेव्हा बघ." मग पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

पुष्कळ दिवसांनी तो रंधा घेऊन आला. माझ्या कडेवर एकच हात मारला. पातळ सालपट गुंडाळत खाली पडले. ते उचलून तो तिथेच बसून राहिला. त्या दिवशी एवढेच काम झाले. दुसऱ्या दिवशी थोडे आणखी झाले. मग काही दिवस काहीच झाले नाही. असे करत करत मी मागच्या खोलीला लागलो, बाहेरच्या बाजूला उघडेन असा; आता तो तिथेच झोपतो.

मित्रांनो, एखाद्यावर डोंगर कोसळतो आणि तो त्याखालून जिवंत निघतो. त्याला भेटायला जाल तेव्हा "वाचलास, नशीबवान आहेस," असे म्हणू नका. तो बोलला तर ऐका. नाहीतर मटार सोला.

जगणे मरणापेक्षा वाईट असते का? काही सकाळी असते. अशा सकाळी सुतार अजूनही कितीतरी वेळ माझ्या आतल्या बाजूला उभा राहतो. मग एका बोटाने मला ढकलतो.

मी आता अडत नाही.