पुठ्ठ्याचे कॅथीड्रल आणि बाबांचे हात

मित्रांनो, मी एक जुने कॅथीड्रल आहे. दगडाचे नाही, पुठ्ठ्याचे. कतारमध्ये दोह्याला, अल थुमामा भागातल्या एका फ्लॅटमध्ये कपाटावर माझा मुक्काम असतो. आणि खरे सांगू का, माणसांच्या मदतीला मी अगदी कंटाळले आहे.

मला ईराने बनवायला घेतले. तेव्हा ती सातवीत होती आणि शाळेत मध्ययुगीन युरोपातल्या शहरांचा प्रकल्प होता. तिकडची मोठी गॉथिक कॅथीड्रले पुरी व्हायला कधी कधी कित्येक पिढ्या लागत, असे नफिसा मिसनी वर्गात सांगितले होते. तोवर लोक अर्ध्या भिंतींच्या सावलीत बाजार भरवत, भांडत, लग्ने लावत. ईराला हेच फार आवडले. म्हणून तिने मला मुद्दाम अर्धवट ठेवले. भोवती पावाची भट्टी, विणकरांची गल्ली, मासळीवाल्या बायका. पिस्त्याच्या टरफलांची माणसे झकास जमली होती.

तेवढ्यात तिचे बाबा, यशोधन, रास लफानहून ड्यूटी संपवून आले. गॅस प्लांटमध्ये इंजिनिअर. त्यांनी पायांतले बूटसुद्धा काढले नाहीत.

"हे काय, अर्धंच? आणि भिंत वाकडी आहे."

"इट्स सपोज्ड टू बी अनफिनिश्ड, बाबा."

"असं कोणी सबमिट करतं का? थांब, प्रॉपर करू."

झाले. मोजपट्टी आली, कटर आले. बाजार उचलून खोक्यात गेला. माझ्या भिंतींना बाहेरून तिरक्या कमानींचे टेकू होते. टेकूंमुळे लुक बिघडतो म्हणून बाबांनी ते मोडून त्याच खोक्यात टाकले.

"दे होल्ड द वॉल्स," ईरा म्हणाली. "द रूफ पुशेस देम आउट."

"गोंद आहे ना भक्कम."

रोज गॅसच्या दाबाशी गाठ असलेला माणूस हे बोलला! मला हात असते तर मी तिथेच कपाळ बडवून घेतले असते.

"यशोधन, प्रोजेक्ट तुझा आहे की तिचा?" ईराच्या आईने, मृणालिनीने, विचारले. पण बाबा माझ्या डोक्यावर जाडजूड छप्पर चिकटवण्यात गुंग होते. ईरा आपल्या खोलीत निघून गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी गाडी स्पीडब्रेकरवर उडाली. माझ्या भिंती दोन्हीकडे फाकल्या आणि छप्पर मधोमध कोसळले. बाबांनी गाडी बाजूला घेतली. त्यांचा चेहरा पार उतरला होता, पण हात काही थांबेनात.

"नजमाच्या बाजारात ग्लू मिळेल. यल्ला, पटकन जाऊन येऊ."

"खलास, बाबा," ईरा म्हणाली आणि तिने मला मांडीवर ओढून घेतले.

मृणालिनीने बाजाराचा खोका गुपचूप डिकीत ठेवला होता. शाळेत ईराने माझ्या भिंती उभ्या केल्या, मोडलेल्या कमानी पुन्हा लावल्या, आइस्क्रीमच्या काड्यांची परांची बांधली आणि चौकात माणसे बसवली. छप्पर तिने टाकून दिले.

संध्याकाळी पालक आले. "छत कहाँ है?" नफिसा मिसनी विचारले.

"माय ग्रँडडॉटर विल फिनिश इट," ईरा गंभीरपणे म्हणाली. मिस खळखळून हसल्या.

माझी एक कमान कललेली होती. बाबांना ती दिसली आणि त्यांचा हात पुढे आला. ईरा नुसती बघत राहिली. हात हवेतच थांबला. मग ते वाकले, खाली पडलेली टरफलाची मासळीवाली त्यांनी उचलली आणि हळूच विचारले, "ही कुठे बसते गं?"

ईराने बोटाने जागा दाखवली.

आता ती बारावीत आहे. माझी जिलेटिनची गोल खिडकी विटली आहे, धुळीचे वादळ आले की विणकरांची गल्ली पिवळी होते. कमान अजून कललेलीच आहे, आणि मला ती तशीच हवी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण दुरुस्तीला हात घालण्याआधी, ज्याने ती बनवली त्याला एकदा विचारा. आणि कोणीतरी मृणालिनीला सांगा, पुठ्ठा ओल्या फडक्याने पुसत नाहीत.